चेहरा दिसेल अशी भिंत

बाबा,

तुमची कामाची खोली मी खरवडून पांढरी केली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे काय ओरडायचं ते ओरडून मोकळे व्हाल आणि पुढचं नीट ऐकाल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढ्यात घरातल्या बाकी सगळ्या भिंतींना तीन-चारदा रंग लागला, पण त्या खोलीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आई होती तोवर तर प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या आधी ती घरभर सफेदी काढायची आणि तुमच्या दारापाशी आली की कुंचला बादलीत टाकून परत फिरायची. चुन्यात काजळी कालवून तो रंग तुम्ही स्वतःच्या हातांनी भिंतींना फासला होता, शाळेच्या ओल्या पाटीसारखा. "घरात माणसं राहतात की वटवाघळं?" असं आई स्वयंपाकघरातून म्हणायची, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. मी एकदा विचारलं, बाबा, भिंत काळी का? तुम्ही म्हणालात, "तुझं काम झालं का?" तुमच्याकडून मला मिळालेली बहुतेक उत्तरं याच जातीची होती आणि त्याचा मला आजही राग येतो.

खोलीला हात का लावला तेही सांगते. शाळेतली कारकुनी सोडल्यावर मी मागच्या वाडीत रोपवाटिका टाकली. मिरची, वांगी, टोमॅटो, थोडी फुलझाडं. रोपवाटिकेच्या कागदपत्रांसाठी आता ठाण्याला जावं लागत नाही, आपला जिल्हा पालघर झालाय, म्हणून पालघरला जावं लागतं, एवढीच काय ती प्रगती. धंदा बरा चालतो, फक्त आषाढ-श्रावणात माझे हाल होतात. आपल्या चिखले गावातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, नेटखाली रोपं उजेड शोधत वर वर जातात, मानेत बारीक होतात आणि एका सकाळी सगळा ट्रे आडवा. आणि शेतकऱ्याला रोप हवं असतं पाऊस सरता सरता, म्हणजे ते वाढवायचं भर पावसातच. म्हणून मी ठरवलं, घरातच एक खोली करायची. मांडण्या लावायच्या, प्रत्येक फळीवर ट्यूबलाइट, खाली रोपांचे ट्रे, एका कोपऱ्यात पंखा. रिकामी खोली घरात एकच होती.

मांडण्या लागल्या, दिवे लागले, आणि खोलीत गेले तर काय, दिवे जळतायत पण खोली उजळतच नाही. तुमच्या भिंती सगळा उजेड गिळून टाकत होत्या. फळीच्या मधल्या रोपांना बरा उजेड आणि कडेच्यांच्या नशिबी संध्याकाळ. वरून सफेदी मारून पाहिली तर दोन हात देऊनही काजळी फुटून वर आली आणि भिंत राखाडी झाली, आधीपेक्षा जास्त रडकी. मी धाकट्याला फोन केला. तो आता मुंबईला असतो आणि घरच्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एक व्हिडिओ असतो. म्हणाला, "ताई, परदेशात सगळे चांदीची फिल्म लावतात. पाठवलंय बघ. भिंत आरशासारखी झाली पाहिजे, म्हणजे एकही किरण फुकट जात नाही." त्याला झाडातलं ओ की ठो कळत नाही, कुंडीतली तुळसही त्याने दोनदा मारलीय. पण आरशासारखी हा शब्द माझ्या डोक्यात बसला, आणि तो तिथे बसायला जागा तुम्हीच करून ठेवली होती, बाबा.

कारण मी काय शिकले तुमच्याकडे? घासायला. पोलादाच्या ठोकळ्यात फुलं, पानं, मोर उलटे कोरायचे तुम्ही, म्हणजे सोनाराने त्यावर पत्रा ठोकला की दागिन्याचा आकार उठेल. कोरणं तुमचं आणि घासून चकचकीत करणं माझं. अकरा वर्षांची मी दाराजवळच्या पाटावर बसलेली, मांडीवर फडकं, बोटं तेलाने काळी. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पेस्ट लावून कापसाने गोल गोल. अर्धा दिवस झाला की मी ठोकळा पुढे करते. तुम्ही तो घेत नाही, नुसतं विचारता, "चेहरा दिसतो?" मी म्हणते, दिसतो. "नाकावरचे घामाचे बारीक थेंब दिसतात?" ते दिसत नसतात. "मग घास." ही आपल्या घरातली एकमेव परीक्षा होती. चेहरा दिसला की काम चांगलं, नाही दिसला की वाईट. ताटंसुद्धा मी त्याच हिशेबाने घासायचे आणि आई हसायची.

तर डहाणूला बाजारात गेले. दुकानदार गुजराती, बापापासून तिथेच बसलेला. त्याने माझ्यापुढे चार-पाच प्रकारचे कागद आणि शीट उलगडली. एक पांढरं प्लास्टिकचं होतं, जाड, मंद, दुधावरच्या सायीसारखं. मी ते उचललं, तोंडासमोर धरलं. काही दिसेना. बाजूला ठेवलं. दुसरं धरलं, त्यात चेहरा होता पण पुसट. तेही बाजूला. शेवटी एक चांदीसारखी फिल्म निघाली, तिच्यात माझा चष्मा, कपाळावरची टिकली, हनुवटीचा तीळ, सगळं लख्ख. मी म्हटलं, हीच द्या. दुकानदार इतका वेळ गंमत बघत होता. म्हणाला, "बेन, झाडने मोढुं जोवानुं छे के तमारे?" चेहरा झाडाला बघायचाय की तुम्हाला, असं. आणि वर म्हणाला, "पांढरावाला लई जाव, रोपवाले तेच नेतात." एका दुकानदाराने मला स्वतःहून साधा माल सुचवला, आणि मी त्यालाच ऐकवलं की आमच्या घरात तीस वर्षं हेच काम होतं, चमक कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. अशी मी शहाणी.

फिल्म लावताना नाकी नऊ आले. चुन्याच्या भिंतीला चिकटपट्टी धरेना. एक टोक लावावं तर दुसरं सुटायचं, मधे पोट यायचं, पोटाला सुरकुत्या पडायच्या. पावसाने भिंत आतून पाझरलेली, फिल्मच्या मागे पाणी धरायचं. पण एकदा लागल्यावर खोली अशी झगमगली की मी दारातच उभी राहिले. मला वाटलं, आता बघा म्हणावं बाबांना.

त्याच आठवड्यात उधवा गावची एक बाई आली. तिची माझी ओळख बाजारातली. ती पाड्यावरची भाजी घेऊन यायची, मी रोपं घेऊन बसायचे, शेजारी शेजारी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, बोलायला मोकळी. तिच्याकडे वांग्याचं बी होतं, तिच्या सासूने जपलेलं. हिरवं, देठाला काटे, शिजलं की लोण्यासारखं. पाड्यावर पूर्वी सगळ्यांच्या परड्यात ते असायचं, मग लोकांनी दुकानाची पाकिटं आणायला सुरुवात केली आणि हे बी फक्त त्या म्हातारीकडे उरलं, राखेत घोळवून, सुक्या दुधीच्या भोपळ्यात. म्हातारी गेली त्याला दोन वर्षं झाली. दर पावसात अंगणात टाकलेली रोपं कुजून जातात म्हणून सुनेने त्यातलं अर्धं बी माझ्याकडे आणलं. पदराची गाठ सोडताना म्हणाली, "बाय, एवढी रोपं तू उभी करून दे. पाड्यावरच्या बायांना सांगून ठेवलंय मी, औंदा म्हातारीची वांगी लावायची सगळ्यांच्या दारात." मी म्हटलं, काही काळजी करू नकोस, माझी खोली बघ. तिने खोली बघितली, फिल्मकडे बघून हसली, आणि ट्यूबलाइट किती आहेत ते मोजलं.

बी उगवलं. चांगलं उगवलं, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. पण दहा-बारा दिवसांत रोपांनी रंग दाखवायला सुरुवात केली. एका ट्रेमधली चार रोपं डावीकडे झुकलेली, सहा उजवीकडे, मधली दोन उंच लांबुडकी, कडेची खुजी. फिल्मच्या प्रत्येक सुरकुतीतून उजेडाचा एकेक पट्टा निघत होता आणि जे रोप पट्ट्यात ते वेगळं, जे पट्ट्याबाहेर ते वेगळं. मग एका दुपारी पाऊस उघडला, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं, फिल्मच्या पोटावर आपटून वरच्या फळीवर गोळा झालं आणि दोन ट्रेंची कोवळी पानं कडेने भाजली. मी पडदा लावला, ट्रे फिरवले, सकाळ-संध्याकाळ जागा बदलल्या, पंख्याचं तोंड वळवलं, पाणी कमी केलं, पाणी जास्त केलं. भिंतीचा संशय मला एकदाही आला नाही. भिंतीत चेहरा दिसत होता ना.

ती बघायला आली तेव्हा निम्मी रोपं आडवी झाली होती. ती ट्रेपाशी उकिडवी बसली, एक रोप बोटाने उचललं, सोडलं, ते पुन्हा पडलं. मग तिने आपला हात रोपांवर धरला आणि त्याच्या सावल्या बघत राहिली. एका हाताच्या तीन-चार सावल्या, काही गडद, काही फिकट. म्हणाली, "बाय, भिंतीवर कवडसे नाचतात बघ. आमच्याकडं झाडाखालचं आवण असंच येतं. कवडशात पडलं ते वेगळं, सावलीत पडलं ते वेगळं. एकसारखं येत नाय." आवण म्हणजे भाताची रोपं, ती तिने जन्मभर केलीत. तिने भिंतीचं दुखणं एका मिनिटात सांगितलं होतं. आणि बाबा, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? तुमचा आवाज. मी म्हटलं, "हे भातासारखं नसतं. दिवे, फिल्म सगळं बरोबर आहे. तुझ्या सासूचं बीच जुनं झालंय, त्यात दम नाही."

तिने हात मागे घेतला, साडीला पुसला. म्हणाली, "म्हातारी रोज बघायची भोपळा. माझ्याकडून ओल लागली असंल." मग म्हणाली, दुकानाचं बी आणून टाक, बायांना काहीतरी द्यायला पाहिजे. आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या मांडणीवरची माझी मिरची बघितली. पाकिटातलं नवंकोरं बी, मोठ्या कंपनीचं, वर तारीख छापलेलं. तीही तशीच, चार डावीकडे, सहा उजवीकडे. मी खाली बसले, हात धरला, सावल्या मोजल्या, आणि कपाळाला हात लावला. बियाचा काहीएक दोष नव्हता.

मग तुमच्या दिव्यापुढचा कागद आठवला. तुम्ही कोरायला बसायचात तेव्हा दिव्याच्या तोंडाशी एक पांढरा पातळ कागद टांगलेला असायचा, मिठाईवाल्याकडचा. तेलकट झाला की मीच नवीन आणून द्यायचे. मला वाटायचं दिव्याचा ताप लागू नये म्हणून असेल. तो उजेड पसरवण्यासाठी होता, हो ना? काळ्या भिंतीही त्याचसाठी, कुठून तिरीप येऊन पोलादावर चमकू नये म्हणून. चमकलं की रेघ दिसत नाही. म्हणजे उजेड मंद पृष्ठभागावरून सगळीकडे सारखा पसरतो आणि चकचकीतवरून एकाच बाजूला उडी मारतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर बसून तुम्ही ते रोज वापरत होतात, आणि मला सांगत होतात चेहरा दिसतो का बघ. एक वाक्य, बाबा. एक वाक्य बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं? इतका संताप आला की मी ती फिल्म दोन्ही हातांनी ओरबाडून काढली.

तीन दिवस पत्र्याच्या पट्टीने भिंती खरवडल्या. केस, दात, भुवया, सगळीकडे काजळी. मग डहाणूला पुन्हा त्याच दुकानात जाणं आलं. त्याने मला बघितलं आणि न विचारता साधा पांढरा डिस्टेंपर काढून ठेवला, बिनचमकीचा. "ऑइलपेंट नाही ने?" एवढंच म्हणाला. मी मान खाली घालून पिशवी उचलली. दोन हात दिले. आता खोलीत शिरलं की काहीच चमकत नाही, डोळ्यांना दिपत नाही, पण मांडणीखाली वाकून बघितलं तर तिथेही पुस्तक वाचता येतं. हात धरला तर सावली इतकी पुसट की शोधावी लागते. मग तिने सांगितलं तसं दुकानाचं वांग्याचं बी टाकलं, आणि त्याची रोपं एका उंचीची आली, बुटकी, जाड मानेची, सरळ.

खरवडताना मला एक गोष्ट आठवत राहिली, ती मी तुमच्याशी कधी बोलले नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याचा कमळाचा साचा होता. दोन पाकळ्यांमधली बारीक भिंत तुमच्याकडून तुटली. मी तिथेच होते, छिन्नी सटकलेली मी पाहिली, तुम्ही जीभ चावलेली पाहिली. व्यापारी आला तेव्हा तुम्ही ठोकळा त्याच्या हातात देऊन म्हणालात, "पोरीने घासताना घालवली." तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, मुलींच्या हातात कशाला देता. तुम्ही पण हसलात. त्यानंतर सहा महिने मी प्रत्येक ठोकळा भीत भीत घासला. तुमची छिन्नी सटकली हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असूनही मला हळूहळू वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकलं असणार. माणूस असा तयार होतो. तुम्ही वाईट नव्हता, ताप आला की रात्रभर उशाशी बसायचात, पण ती एक गोष्ट तुम्ही केलीत, आणि मी तुम्हाला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. चाळीस वर्षं झाली त्याला.

चार दिवसांपूर्वी उधव्याची बाई रोपं न्यायला आली. बरोबर तिची जाऊ होती. येताना माझ्यासाठी शेतातल्या काकड्या आणल्या होत्या, एवढ्या मोठ्या, पानात गुंडाळून. ती खोलीत गेली, पांढऱ्या भिंतींकडे बघितलं, पण तिला वाटलं मी गणपतीसाठी रंग काढला. मग ट्रेपाशी उकिडवी बसली आणि रोपांवरून तळहात फिरवला. "कशी उभी आहेत बघ," जावेला म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "म्हणजे आमचं बीच गेलेलं होतं. तू बोललीस ते खरं निघालं. तुझी मेहनत फुकट गेली बाय आमच्यापायी, मनात ठेवू नको."

तिने माझी माफी मागितली. मी काकड्या हातात धरून उभी होते. म्हणू शकले असते, अगं, चूक भिंतीची होती, माझी होती, तूच बरोबर सांगितलं होतंस. चार शब्द. त्याऐवजी मी म्हटलं, जाऊ दे, होतं असं. तिची जाऊ ट्रे उचलायला लागली. निघताना ती म्हणाली, भोपळ्यातलं उरलेलं बी आता ठेवून काय करायचं, घट बसायच्या आधी घर सारवायला काढेन तेव्हा कोंबड्यांना घालेन. मी मान हलवली. हलवली, बाबा. ऐकू आल्याची मान होती, पण तिने ती होकाराची धरली असणार.

घट परवा बसतात. तिच्याकडे फोन नाही, जावेच्या नवऱ्याकडे आहे पण नंबर मी घेतलेला नाही. जायला पाहिजे. काय बोलायचं ते मला पाठ आहे, चार दिवस मी ते भांडी घासताना म्हणते आहे. आज सकाळी डहाणूच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. उधव्याची एसटी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, आणि मी बाजारातून कोथिंबीर घेऊन घरी आले. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमच्याशी भांडणं मला सोपं जातं. तुम्ही कधी उलट विचारत नाही की मग तिला सांगितलंस का. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, तिचा आहे.

उधव्याची दुपारची गाडी दोनला होती. लिहिता लिहिता मी दोनदा घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा आणखी एक कागद घेतला. आता सव्वादोन झालेत.